माझ्याच हस्ते माझा निरोप

नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने तो कोणालाही विचारू नये. आणि विचारल्याशिवाय राहवतच नसेल तर निदान जिन्यात उभं राहून विचारू नये, कारण आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात शिंकलं तरी चौथ्या मजल्यावरून 'सत्य आहे' असं ऐकू येतं. मी तो प्रश्न शेजारच्या शरच्चंद्रकाकांना विचारला, तोही जिन्यात, तोही संध्याकाळी, माणसं भाजी घेऊन वर चढायच्या वेळेला.

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांचं प्रेस, आणि काकांच्या मते जगात नोकऱ्या दोनच प्रकारच्या, प्रेसची आणि बाकीच्या. बाकीच्यांतली एक सोडून बाकीच्यांतली दुसरी धरणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका धर्मशाळेतून उठून दुसऱ्या धर्मशाळेत जाणं.

"अरे शेखर, वय काय तुझं?"

"सेहेचाळीस."

"या वयात माणूस खुर्चीची गादी बदलतो, खुर्ची नाही."

वरून कोणीतरी 'वा' म्हणालं.

आता ही खुर्ची कुठली ते सांगतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेल बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी एकवीस वर्षं स्टोअरकीपर होतो. कुठल्या मापाचा बोल्ट कुठल्या खणात आहे हे त्या कंपनीत दोघांनाच ठाऊक होतं, एक मी आणि दुसरा परमेश्वर. त्यातही परमेश्वराला मधूनमधून मला विचारावं लागत असेल, कारण खणांवरची लेबलं दोन हजार अकरा सालीच उंदरांनी खाल्ली होती. एवढं असूनही एकवीस वर्षांत मला कोणी 'पिंगळे, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं नव्हतं. 'पिंगळे, संपलंय का?' आणि 'पिंगळे, आलंय का?' हे दोनच प्रश्न. वाण्याच्या दुकानात यापेक्षा जास्त संवाद होतो.

अशात दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीतून मला बोलावणं आलं. तिथल्या वैष्णवी मॅडम, वय तिशीच्या आसपास, मला त्यांचं गोदाम दाखवायला घेऊन गेल्या. गोदामात खोक्यांचे डोंगर. त्या म्हणाल्या, "पिंगळे सर, हे बघून तुम्हाला काय वाटतं?"

मी चाळीस मिनिटं बोललो. मध्ये त्यांनी पाणी मागवलं, ते मीच प्यायलो. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही याच. शुक्रवारपर्यंत कळवा." पगारही बरा होता, पण खरं सांगतो, मला त्या एका प्रश्नाने जिंकलं.

आणि तरीही मी हो म्हणालो नाही, कारण मला जायचं नव्हतं. म्हणजे जायचंही होतं. म्हणजे असं की, मी जाणार असं कळल्यावर अंबडच्या कंपनीत एकदा हलकल्लोळ व्हावा, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलवून खांद्यावर हात ठेवावा आणि 'पिंगळे, जाऊ नका' एवढं एक वाक्य बोलावं, ही माझी मनोमन इच्छा होती. मग मी राहिलोही असतो. माणसाला दुसरी नोकरी बऱ्याचदा पहिल्या नोकरीत किंमत कळावी म्हणूनच हवी असते. हे मी घरात बोललो नाही, कारण बायको शहाणी आहे.

हर्षालीने मला एकदाच विचारलं, "अहो, तुम्हाला स्वतःला काय हवंय?" मी म्हटलं, "सर्वांचा विचार करावा लागतो." ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. ती ज्या जोराने कणीक मळत होती त्यावरून मला अंदाज यायला हवा होता.

त्या रविवारी वणीहून सासूबाई आल्या. यशोदाबाईंना जिन्यातच सगळी हकीकत कळली, चहा यायच्या आत त्यांनी उपायही काढला. देवीपुढे चिठ्ठ्या टाकायच्या. एका चिठ्ठीवर 'जा', एकीवर 'राहा'. गडावरच्या आईच्या फोटोसमोर निरंजन लावलं, आमच्या ओवीने डोळे मिटून चिठ्ठी उचलली. 'जा.'

मी म्हटलं, "तीनदा उचलायची असते ना?"

"कोणी सांगितलं?" सासूबाई.

"असं ऐकलंय."

दुसऱ्यांदा 'जा'. तिसऱ्यांदा 'जा'. मी म्हटलं, पाचातून बघू. चौथ्यांदाही 'जा' आल्यावर ओवीने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला 'राहा' पाहिजे असेल तर दोन्हींवर तेच लिहू या का?"

सासूबाईंनी निरंजन उचलून आत नेलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "देवीला कामाला लावू नका. तिला बाकीची माणसं पण आहेत."

सोमवारी कामावर गेलो तर आमचे मॅनेजर रंगनाथसाहेब स्वतः चालत स्टोअरमध्ये आले. स्टोअर कंपनीच्या पार मागच्या टोकाला, कँटीनच्याही पलीकडे. साहेब तिथे आधी एकदाच आले होते, आग लागली होती तेव्हा. आता खांद्यावर हात पडणार.

"पिंगळे," साहेब म्हणाले, "शुक्रवारी चार वाजता निरोप ठेवू या म्हणतो."

हात पडला नाही. निरोप म्हणजे आमच्याकडचा निरोप समारंभ. इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल. आमच्या कंपनीतून कोणी निवृत्त होवो, बदलून जावो, सोडून जावो, त्याचा निरोप समारंभ मी करतो. शाल मी आणतो, श्रीफळ मी वाजवून बघतो, मानपत्र मी लिहितो, सूत्रसंचालन मी करतो. आजवर अडतीस जणांना मी वाटेला लावलंय. मध्यमवर्गीय माणसाच्या हाती जी काही थोडी सत्ता असते ती अशीच कुठेतरी असते.

आणि गेटवरचा आमचा जुना वॉचमन पुंजा या महिन्यात साठीला पोचतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे निरोप कोणाचा, हे विचारायची मला गरजच वाटली नाही.

साहेब जरा घुटमळले. "तयारी कोणाकडे देऊ? सार्थकला सांगू का?"

सार्थक हा माझा सहायक, वय सव्वीस. माझा अपमान झाला. "सार्थकला कशाला? मीच करणार."

"तुम्हीच?" साहेब दचकले. "बरं दिसेल का ते?"

"एकवीस वर्षं मीच करतोय साहेब. आताच काय झालं?"

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर माझी काय असणार," आणि खाली मान घालून गेले. मला वाटलं, पुंजावर साहेबांचा भारी जीव दिसतो.

तर झालं होतं असं, की वैष्णवी मॅडमनी चौकशीसाठी साहेबांना फोन केला होता. 'पिंगळे कसे आहेत?' म्हणून. साहेबांनी काय सांगितलं ते मला त्यानंतर महिनाभर कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी पिंगळे चालले असा अर्थ काढला आणि तासाभरात तो अर्थ पॅकिंगपासून पेंटशॉपपर्यंत सगळ्यांना कळला. मला सोडून. मागच्या टोकाला बसण्याचे हे तोटे.

मी जोमाने कामाला लागलो. मेन रोडवर जाऊन शाल घेतली. सार्थकला बरोबर नेलं होतं. दुकानदार हलकी शाल दाखवत होता, मी म्हटलं, "जाड दाखवा, थंडीत उपयोगी पडली पाहिजे." सार्थक आदराने म्हणाला, "सर, तुम्हाला रंग कुठला आवडतो?" मी म्हटलं, "माझ्या आवडीचा काय संबंध?" तो गहिवरला. मला वाटलं, आजकालची पोरं फारच हळवी.

भेटवस्तूचा प्रश्न आला. सगळे भिंतीवरचं घड्याळ देऊ म्हणत होते. मी ठाम विरोध केला. "घेणाऱ्याला काय कामाचं आहे ते बघा! मोठी टॉर्च द्या. थर्मास द्या. आणि एक लोकरी माकडटोपी." मग अकाउंट्समधला एकजण हळूच म्हणाला, "दिंडोरीकडे थंडी जास्त असते म्हणा." दिंडोरी हा शब्द ऐकून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? नाही पडला. पुंजाचं गाव दिंडोरीकडचंच आहे.

वर्गणी गोळा झाली तेव्हा माझ्याकडून कोणी घेतली नाही. "तुमची नको, पिंगळे सर." एकवीस वर्षांनी का होईना, मान मिळायला लागला म्हणून मी स्वतःशीच सुखावलो.

बुधवारी मी पुंजाला आडून आडून सुचवलं. "पुंजा, शुक्रवारी बरा शर्ट घाल रे."

"घालीन की साहेब." त्याचे डोळे पाणावले. "लय वाईट वाटतंय बघा."

"वाटायचंच. सवय होते."

"तुमाला नाय वाईट वाटत?"

"मला?" मी हसलो. "मला कशाला वाटेल? जाणारा जातो पुंजा. जग का थांबतं?"

पुंजा माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मानपत्र लिहायला गेलो.

मानपत्र मात्र मी खरंच मनापासून लिहिलं. नावाची जागा नेहमीप्रमाणे कोरी सोडली, कारण नाव शेवटी सार्थक संगणकावर मोठ्या अक्षरांत टाकतो.

शुक्रवार उजाडला. वैष्णवी मॅडमना कळवायचा शेवटचा दिवस. चार दिवसांत कंपनीत एकालाही मी जाऊ नये असं वाटलं नव्हतं, उलट सगळे माझ्याशी विलक्षण गोड वागत होते. मी म्हटलं, यांना काही माहीतच नसणार. मग कशाला उगाच? गादी बदला, खुर्ची नको. सकाळी साडेदहाला मी दिंडोरीला फोन केला आणि सांगितलं, "मॅडम, जमणार नाही."

"का हो?"

"सवय आहे इथली."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनीही कणीक मळायला घेतल्यासारखं वाटलं.

चार वाजता कँटीनमध्ये सगळे जमले. कटलेट आले, जिलबी आली. पुढे तीन खुर्च्या, मधली सत्कारमूर्तीची. मी माइक हातात घेतला आणि पुंजाला शोधलं तर तो नवा शर्ट घालून पार मागे, दाराशी. मी गेलो, त्याचा दंड धरला, पुढे आणला आणि मधल्या खुर्चीवर बसवला.

पुंजा विंचू चावल्यासारखा उठला. मी पुन्हा बसवला. तो पुन्हा उठला. "साहेब, म्या कशाला?"

"अरे, लाजतोस काय!"

तेव्हा रंगनाथसाहेब पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला. "पिंगळे," ते म्हणाले, "आज तरी सूत्रसंचालन सोडा. बसा तिथे."

"मी?"

"मग कोण?"

सार्थकने मानपत्र उलगडलं. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: श्री. शेखर पिंगळे.

बसलो. शाल अंगावर पडली. नाशिकच्या एप्रिलमध्ये ती जाड शाल म्हणजे काय असतं ते मीच जाणे, आणि जाड दाखवा म्हणणाराही मीच. साहेबांनी मानपत्र वाचायला घेतलं.

"'उन्हापावसात कंपनीच्या दाराशी पहाडासारखे उभे राहणारे, रात्री-अपरात्री शिट्टी फुंकून आम्हाला निर्धास्त झोप देणारे, ज्यांच्या काठीच्या नुसत्या आवाजाने भुरटे पळ काढत…'"

साहेब क्षणभर अडखळले, पण वाचत राहिले. श्रोते गंभीर होते. अकाउंट्सवाला शेजाऱ्याला म्हणाला, "रूपक आहे ते. पिंगळे सर लिहितात चांगलं." मग मला टॉर्च देण्यात आली, थर्मास देण्यात आला, आणि फोटोसाठी आग्रह झाला म्हणून मी माकडटोपीही घातली. तो फोटो अजून कंपनीच्या ग्रुपवर आहे.

"आता पिंगळे सत्काराला उत्तर देतील," साहेब म्हणाले.

मी उभा राहिलो. टोपी काढायची राहून गेली. म्हणालो, "मित्रहो, मी राजीनामा दिलेला नाही."

हशा. टाळ्या.

"खरंच दिलेला नाही. आज सकाळीच मी तिकडे नाही म्हणून कळवलंय. मला वाटलं, हा निरोप पुंजाचा आहे."

"मला तं दोन वर्सं वाढवून दिली जानेवारीत," परत दाराशी जाऊन उभा राहिलेला पुंजा मागून म्हणाला.

मग सगळे गप्प झाले. इतके गप्प की जिलबीवरच्या माशीचा आवाज यायला लागला. आणि मी उभा होतो, अंगावर शाल, डोक्यावर टोपी, आणि वाट बघत होतो. आता कोणीतरी म्हणेल, बरं झालं. आता कोणीतरी म्हणेल, मग राहा की. चाळीस माणसं होती. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि एकेकाने कटलेटकडे बघितलं. सार्थकने तर डोळेच मिटले होते, कारण माझी जागा त्याला दिल्याचं पत्र त्याच्या खिशात होतं आणि त्याच्या आईने गल्लीत पेढे वाटले होते.

साहेब खाकरले. "पिंगळे," ते म्हणाले, "खाऊन घेऊ या. गार होतंय."

एवढंच.

मी कँटीनच्या मागे गेलो आणि दिंडोरीला फोन लावला. "मॅडम, सकाळी मी नाही म्हणालो होतो."

"हो."

"आता हो म्हणतोय."

"सकाळपासून काय झालं?"

"माझा निरोप समारंभ झाला."

त्या एवढ्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "या, सर. एक महिन्याने, नियमाने. पण आता या हं."

घरी हर्षालीने शाल, थर्मास, टॉर्च आणि टोपी ओळीने मांडून ठेवली, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे देवीने चार वेळा सांगून जे झालं नाही ते कटलेटने झालं."

खरा तमाशा सोमवारपासून सुरू झाला. एक महिन्याची नोटीस द्यायची तर राजीनामा द्यायला हवा. तो संगणकावर भरायचा. संगणक म्हणाला, असा कर्मचारी नाही. पुण्याच्या मुख्य कार्यालयाने शुक्रवारीच मला 'सोडून गेलेले' या यादीत टाकलं होतं. मी फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही गेलेले आहात. गेलेल्या माणसाला राजीनामा देता येत नाही."

"मग मी काय करू?"

"आधी परत रुजू व्हा. मग सोडा."

परत रुजू व्हायला अर्ज, अर्जाला रिकामी जागा हवी, आणि जागेवर सार्थक. या घोळात गेटच्या यंत्राने माझा अंगठा नाकारला. कँटीनचं कार्ड बंद झालं. महिनाभर मी पाहुण्यांच्या पासवर आत गेलो. पुंजा रोज सकाळी मोठ्या संकोचाने रजिस्टरमध्ये लिहायचा: नाव, शेखर पिंगळे. कोणाला भेटायचे, स्टोअरकीपर. कामाचे स्वरूप, स्टोअरकीपर.

आत तर आणखी वाईट. ज्याचा निरोप झालाय असा माणूस कंपनीत हिंडणं म्हणजे बारावं झालेल्या माणसाने स्वतः घरी येऊन चहा मागण्यासारखं. "अरे, तुम्ही अजून इथेच?" असं मला रोज किमान सहा जण विचारत. मी सार्थकला एकेक खण समजावून सांगत होतो. लेबलं नव्याने लिहिली. महिन्याच्या शेवटी परमेश्वर आणि मी, आम्ही दोघंही त्या स्टोअरला नकोसे झालो.

शेवटच्या दिवशी समारंभ नव्हताच, तो आधीच उरकला होता. साडेपाचला मी पिशवी उचलली. सार्थक पाया पडला. साहेब केबिनमध्ये होते, त्यांनी काचेतून हात वर केला. मी गेटवर आलो, रजिस्टरमध्ये जायची वेळ लिहिली, सही केली.

पुंजाने रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "साहेब, एक बोलू का? नका जाऊ."

मी काढलेली गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

"आता?" मी म्हटलं. "अरे पुंजा, आता म्हणतोस? महिनाभर रोज सकाळी माझं नाव लिहीत होतास, तेव्हा तोंड कुठे होतं?"

"कसं बोलनार? तुमीच हौसेनं सगळं करत व्हते. शाल तुमी आनली, टोपी तुमी ठरवली. म्या इचारलं बी, वाईट नाय वाटत का, तं तुमी म्हनले जानारा जातो. साहेबांनीच सगळ्यांना सांगलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"पिंगळे लय खूश हायेत. आपन रडून त्यांचा पाय आडवायचा नाय. कोनी राहा म्हनायचं नाय. आन् तुमी जात नाय म्हनले तवर सार्थकला तुमच्या जागेचं पत्र दिऊन झालं व्हतं." पुंजाने रुमालाने नाक पुसलं. "त्या दिंडोरीच्या बाईचा फोन आला तवा साहेबांनी तिला सांगलं, असा मानूस परत मिळनार नाय. म्या तिथंच व्हतो, चावी द्यायला गेल्तो. फोन ठिवला आन् बराच येळ नुसते बसून राहिले."

मी मागे वळून बघितलं. साहेब अजून काचेपाशीच उभे होते. मला वाटलं, सरळ आत जावं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा आणि विचारावं, 'अहो, मग बोलला का नाहीत?' पण ते मलाही विचारू शकले असते. चाळीस माणसं आणि एक मी, सगळे महिनाभर एकमेकांचा मान राखत गप्प बसलो होतो. आता आत जायचं तर पास संपला होता, आणि माझ्या खुर्चीत सार्थक बसला होता.

मी हेल्मेट घातलं आणि काच खाली केली. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्या किकला लागली. पुंजाने फाटक वर केलं. मी साहेबांना हात केला, आणि या वेळी त्यांनी दोन्ही हात वर केले.